खरा ठरलेला संशय

आमच्या वाडीत मासे घेऊन येणारी शेवंता कुणाला भीक घालत नसे, पण चेकर समोर आले की टोपली खाली ठेवून ती कमरेवर हात ठेवी आणि निमूट वाट बघत राही. चेकर एक बांगडा उचलत, त्याचे कल्ले उघडून आत डोकावत, पोटावर बोट दाबत, नाकाशी नेत आणि मग दुसरा उचलत. निम्मी टोपली अशी तपासून झाली की शेवंता म्हणे, "चेकरानूं, सगळे बांगडे तिकीट काडून इलेत. आता घेतलास तर बरा."

चेकर हसत नसत. "आसात," म्हणत, "पण बघूक व्हया."

असेल, पण बघायला हवं. या माणसाचं सगळं आयुष्य या वाक्यावर चाललं होतं. नाव गोविंद, पण ते फक्त मतदार यादीत. एसटीत तिकीट तपासनीस म्हणून नोकरी झाली, निवृत्त होऊनही बरीच वर्षं झाली, तरी तारकर्लीच्या रस्त्यावरच्या आमच्या वाडीत त्यांना लहानथोर सगळे चेकरच म्हणत. अंगात अजून तोच खाकी शर्ट, खिसा तेवढा नवा लावून घेतलेला. त्यांच्या आणि माझ्या घरामध्ये कमरेएवढा दगडी गडगा होता. मी शाळेत मास्तर, त्यामुळे माझ्यावर त्यांचा संशय जरा कमी, पण अगदी नव्हता असं नाही. मुलांना सुट्टी लवकर दिली तर गडग्यावरून विचारणा होई.

दुधात पाणी आहे का बघायला ते थेंब नखावर घेऊन अंगठा उभा धरत. विजेचं मीटर नवीन बसवलं तेव्हा घरातले सगळे दिवे बंद करून तासभर त्याच्यासमोर स्टूल टाकून बसले होते. तारकर्लीला जाणाऱ्या पर्यटकांच्या गाड्या बघून म्हणत, "मास्तरानूं, समुद्र काय पळान जाता? मगे ही माणसां इतक्या घाईत खंय जातत? काय तरी आसा." काय असणार ते त्यांनाही ठाऊक नसे. पण काहीतरी आहे, यावर ते ठाम असत.

अशा माणसाशी संसार करायचा तर एक तर वेड लागेल किंवा हसू येईल. चेकरांच्या बायकोला, म्हणजे माईंना, हसू येई. ठेंगणी, सावळी बाई. हसताना खांदे हलत, आवाज मात्र फुटत नसे. लग्नानंतरची एक गोष्ट त्यांनी मला गडग्यावर कपडे वाळत घालता घालता सांगितली होती. माई माहेराहून परत येत होत्या. कसालला मालवणची गाडी मिळाली. वाटेत चेकर चढले आणि मागून पुढे तिकिटं तपासत आले. माईंपाशी पोचले आणि इतरांपुढे करावा तसाच हात पुढे केला. "तिकीट दाखव."

गाडीतल्या निम्म्या लोकांना हे नवराबायको आहेत हे ठाऊक. सगळे माना वळवून बसले. माईंनी पदराची गाठ सावकाश सोडली आणि तिकीट दिलं. चेकरांनी ते उलटसुलट बघून परत केलं. मग माईंनी एक बोट वर करून कंडक्टरला थांबवलं आणि म्हणाल्या, "आता तेंचो पास बघा. माका काय हो खरो चेकर वाटना नाय."

"मग त्यांनी काय केलं?" मी विचारलं.

"दाखवल्यानी," माई म्हणाल्या. खांदे हलायला लागले होते. "खिशातसून काडून सगळ्या गाडयेसमोर दाखवल्यानी. नियम तो नियम."

मला वाटतं, चेकरांचा संशय इतकी वर्षं कुणाला बाधला नाही तो या हसण्यामुळे. ते शंका काढत, माई हसत, आणि शंका तिथेच घरापुढच्या खळ्यात पडून राही.

माईंना ब्लडप्रेशर फार पूर्वीपासून होतं. सकाळच्या चहाबरोबर एक गोळी, की विषय संपला. त्या गोळीवर चेकरांनी कधी संशय घेतला नाही, कारण ती त्यांच्या नोकरीच्या दिवसांपासून घरात होती, ओळखीतली झाली होती. संशय सुरू झाला तो त्यांना स्वतःला गोळी घ्यावी लागली तेव्हा. फाल्गुनात एकदा डोकं जड झालं म्हणून ते गावातल्या डॉक्टरांकडे गेले, प्रेशर वाढलेलं निघालं, आणि डॉक्टरांनी रोजची एक गोळी लिहून दिली. आठवडा उलटतो न उलटतो तोच चेकर गडग्यावर हजर.

"मास्तरानूं, ही गोळी प्रेशराची काय मुताची? दिवसभर नुसती धावडवता."

मी म्हणालो, काही गोळ्यांनी लघवी जास्त होते, अंगातलं पाणी कमी झालं की प्रेशर उतरतं. हे मला त्याच डॉक्टरांनी कधीतरी सांगितलं होतं.

"आसात," चेकर म्हणाले. "पण पाण्याबरोबर आणखी काय भायर जाता ता कोण बघता?"

मी हसलो. माई तर विहिरीवर उभ्या राहून हसल्या.

वैशाख लागला. कोकमाचे रातांबे उतरले. चेकर दिवसभर उन्हात खळ्यात बसून रातांबे फोडत, सोलं वाळत घालत. घामाने शर्ट पाठीला चिकटलेला, वर ती धावडवणारी गोळी. पोटऱ्यांत गोळे येतात म्हणू लागले, जिना चढवत नाही म्हणू लागले. खिशात गोळ्यांची पट्टी घेऊन फिरत आणि भेटेल त्याला दाखवत, "हेच्यात काय तरी आसा." गावातल्या डॉक्टरांनी ऊन आणि वय अशी दोन कारणं दिली. माई म्हणाल्या, "आता तेंका सोताच्या पायांचो संशय."

एका सकाळी ते खळ्यात रातांबे फोडायला बसले आणि उठताच येईना. मी हाक ऐकून गडग्यावरून उडी मारून गेलो. पाय ओल्या पोत्यासारखे पडलेले. हातात कोयतीसुद्धा धरवत नव्हती. माणसं जमली. लकवा, असं सगळ्यांनी एका आवाजात ठरवून टाकलं. कबुतराचं रक्त चोळा, असंही एकाने सुचवलं. चेकर जमिनीवर आडवे, तरी बोलत होते, "लकवो नाय. ह्या गोळयेचा काम आसा. गोळी बघा." त्यांच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. माई त्यांचे पाय मांडीवर घेऊन चोळत होत्या आणि त्या सकाळी त्या हसत नव्हत्या.

मोठ्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. कचेरी, बँक, दवाखाना इथे चेकर नेहमी शुद्ध मराठीत बोलत. खाटेवर पडल्या पडल्या त्यांनी खिशातली पट्टी पुढे केली आणि म्हणाले, "बाई, ही गोळी सुरू केल्यापासून माझ्या पायांतली ताकद जाते आहे. मी सगळ्यांना सांगतो आहे. कोणी ऐकत नाही." बाईंनी पट्टी वाचली. पाय उचलायला लावले, गुडघ्यावर हातोडी मारून पाहिली, रक्त तपासायला पाठवलं. कागद आला तो वाचून त्या म्हणाल्या, "आजोबा, तुमचा संशय बरोबर आहे."

मी तिथेच उभा होतो. चेकरांचा चेहरा मी तेव्हा पाहिला. हे वाक्य त्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी ऐकवत होतं.

बाईंनी नीट समजावलं. गोळीमुळे लघवीवाटे पोटॅशियम नावाचा एक क्षार फार निघून गेला होता. रक्तात तो फारच उतरला की स्नायू काम करत नाहीत. दिसायला लकवा, पण हा मेंदूचा लकवा नाही, भरून निघेल. गोळी सगळ्यांना अशी बाधत नाही, यांना बाधली. "ही आजपासून बंद. दुसऱ्या प्रकारची देते, ती मात्र रोज घ्यायची. प्रेशर आहे ते आहेच. ते वाढलं तर खरा लकवा मारेल." चेकर मान डोलवत होते. पण त्यांनी यातलं पहिलं तेवढंच ऐकलं, असं आता मला वाटतं.

सलाईनमधून क्षार भरला, तसे पाय परत आले. चेकर रिक्षा मोठ्या रस्त्यावर सोडून घरापर्यंत चालत आले, तेही भर दुपारी, सगळी वाडी बघत असताना.

त्यानंतर जे झालं ते कोणाच्याही डोक्यात हवा शिरेल असंच होतं. आयुष्यभर ज्याच्यावर हसलो तो माणूस खरा निघाला आणि गावचा डॉक्टर खोटा. लोक आपापल्या पट्ट्या घेऊन चेकरांकडे यायला लागले. चेकर ओट्यावर बसून पट्टी उजेडात धरत, मागची बारीक अक्षरं चष्म्याने वाचत आणि म्हणत, "लघवी जास्त जाता? पाय जड जातत? मगे इचार कर." घ्या किंवा घेऊ नका असं ते सांगत नसत. पण घाबरलेल्या माणसाला तेवढंही पुरतं.

माझ्या शाळेतल्या लुसी टीचर पलीकडच्या वाडीत राहत. त्यांनाही प्रेशर. एकदा चेकरांनी त्यांच्याकडे गोळीच्या पट्टीसाठी हात पुढे केला, तेव्हा त्या म्हणाल्या, "चेकरानूं, तुमची गोळी वायट निघाली म्हणान माझी कित्याक वायट? एक पाव करपलो म्हणान कोण भट्टी मोडना नाय." चेकरांना राग आला. त्यांनी टीचरांशी बोलणं कमी केलं.

स्वतःची नवी गोळी त्यांनी सुरूच केली नाही. ती घ्यावी की नाही, याचा निकाल लावायला ते ग्रामदेवतेकडे गेले. आमच्याकडे अडलेल्या प्रश्नाला देवाला कौल लावतात. गुरव देवाच्या पाषाणाला दोन्ही अंगांना ओल्या कळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालून प्रश्न विचारतो आणि सगळे बघत बसतात. उजवीकडची कळी आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. चेकर देवावरही डोळे मिटून विश्वास ठेवणारे नव्हेत. दोन्ही कळ्यांना पाणी सारखंच लावलं की नाही, ते त्यांनी वाकून बघितलं. गुरव वैतागला, पण त्याने बघू दिलं.

गाऱ्हाणं असं घातलं गेलं: "बा देवा महाराजा, ह्या तुझ्या लेकराचे पाय गोळयेन गेले, ह्या खरा काय, तर उजवो कौल दी."

उजवी कळी पडली. चेकरांनी पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा उजवी. तिसऱ्यांदाही उजवी. चेकर घरी आले ते वेगळेच होऊन आले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या तेच देव म्हणाला होता. त्यांचे दोन साक्षीदार झाले. आणि त्याच संध्याकाळी त्यांनी माईंची पट्टी फडताळातून काढून परसात पुरली.

हे मला माईंकडून कळलं. मी म्हणालो, "माई, तुमची गोळी वेगळी आहे. ती तुम्हाला कधी बाधली का? डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका."

माई म्हणाल्या, "मास्तर, ते उठान चलले ना? जल्मभर मी तेंका हसलंय. तेंचा तर खरा झाला."

मला त्या उत्तराची भीती वाटली. संशयखोर माणसापेक्षा, त्याच्यावर पहिल्यांदा विश्वास ठेवणाऱ्या बाईची जास्त. चेकरांनी ते काही वाईटपणाने केलं नव्हतं, हे मी छातीवर हात ठेवून सांगेन. आपले पाय गेले तेव्हा कसं वाटलं ते त्यांना माहीत होतं. बायकोचे तसे जाऊ नयेत एवढंच त्यांना हवं होतं.

चतुर्थी जवळ आली होती. माई मागच्या पडवीत आडाळ्यावर नारळ खोवत बसल्या होत्या, चेकर शेजारी सुपारी कातरत होते. मी गडग्यापाशी भोपळ्याचा वेल सारखा करत होतो. नारळाची वाटी माईंच्या उजव्या हातातून निसटली आणि घरंगळत अंगणात आली. चेकर उठले. त्यांनी वाटी उचलली, आतलं खोबरं नखाने खरवडलं, नाकाशी नेलं.

"नारळ बरो आसा गो," ते म्हणाले. "कित्याक टाकलंस?"

माईंनी उत्तर दिलं नाही. चेकरांनी वाटी पुन्हा एकदा हुंगली आणि मग वर बघितलं. माईंचं तोंड एका बाजूला उतरलं होतं. त्या बोलायचा प्रयत्न करत होत्या आणि नुसता आवाज येत होता. चेकरांच्या हातातली वाटी तशीच होती. दवाखान्यात पोचेपर्यंत ती त्यांनी हातातून सोडली नव्हती, मीच शेवटी काढून घेतली.

त्याच डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी विचारलं, "यांना कोणत्या गोळ्या चालू आहेत?" चेकरांचा हात सवयीने खिशाकडे गेला आणि तिथेच थांबला. शुद्ध मराठीही त्या दिवशी त्यांना सुचली नाही.

"होती," ते म्हणाले. "मी बंद केलंय."

"कोणी सांगितलं?"

"देवाक इचारलंय."

माई वाचल्या. उजवं अंग मात्र गेलं आणि वाचा गेली. बाई म्हणाल्या, वर्षानुवर्षं चालू असलेली गोळी एकदम थांबली की प्रेशर उसळतं. चेकर पुढचे काही दिवस त्यांच्या मागे मागे फिरत एकच विचारत राहिले, "गोळी बंद केल्यामुळेच झालं का, एवढं नक्की सांगा." बाई म्हणाल्या, "शक्यता मोठी आहे आजोबा. पण गोळी चालू असतानाही कधी कधी होतं. नक्की कोणीच सांगू शकणार नाही." बाईंना वाटलं असेल, म्हाताऱ्याला तेवढाच दिलासा. चेकरांना तो दिलासा नव्हता. त्यांना हो तरी हवं होतं नाही तर नाही.

गुरव माईंना बघायला आला तेव्हा चेकर त्याला म्हणाले, "देवान माका फसवल्यान."

गुरव म्हणाला, "देवान नाय रे. तू तुझ्या गोळयेचा इचारलंस, देवान तुझ्या गोळयेचा सांगल्यान. माईचा तू इचारलंस खंय?"

चेकरांनी तीन तीनदा कौल लावून घेतला, कळ्यांचं पाणी तपासलं, आणि प्रश्न तेवढा तपासायचा राहिला. त्या दिवसानंतर मी त्यांच्या तोंडून "बघूक व्हया" ऐकलं नाही. शेवंता एकदा टोपली घेऊन माझ्याकडे आली ती उदास. म्हणाली, "मास्तरानूं, चेकर बांगडे बघनत नाय. दितंय ते घेतत. माका बरा वाटना नाय." मग तीच त्यांच्यासाठी ताजे निवडून द्यायला लागली.

माईंना जेवण भरवणं, कूस बदलणं, सगळं चेकर करत. मालवणहून मालिश करणारा मुलगा येई, तोही त्यांची तारीफ करी. एकच गोष्ट जमत नव्हती. माई गोळी घेत नव्हत्या. डॉक्टरीणबाईंनी बजावून सांगितलं होतं, की आता ही गोळी चुकली तर दुसरा झटका येईल आणि तो निभणार नाही. चेकर रोज सकाळी गोळी पुढे करत आणि माई ओठ घट्ट मिटून मान फिरवत. भातात कुस्करून दिली तर भात थुंकत. लुसी टीचर येऊन बायबलमधली प्रार्थना म्हणून गेल्या, समजावून गेल्या, उपयोग झाला नाही. दवाखान्यात जेवढ्या वेळा नेलं तेवढ्या वेळा तिथे त्यांनी गोळी घेतली, घरी नाही. सगळ्यांना वाटलं, माई गोळीला घाबरल्या. चेकरांना वाटलं, त्या आपल्याला घाबरल्या. "माझ्या हाताचा तिका भय वाटता," ते मला म्हणाले आणि रडले. मी त्यांना रडताना कधी पाहिलं नव्हतं.

त्यांची स्वतःची गोळी तशीच पडून होती. मी एकदा आठवण केली तर म्हणाले, "माका कित्याक? माझा काय होवचा ता होवंदे."

दिवाळीनंतर माझी बदली वैभववाडीला झाली. सामानाचा टेम्पो दारात उभा असताना मी निरोप घ्यायला गडग्यापलीकडे गेलो. सकाळची वेळ. माईंना पडवीत खुर्चीवर बसवलं होतं. चेकर पुढ्यात स्टुलावर, एका हातात पाण्याचा गडू, दुसऱ्या हातावर गोळी. माईंनी ओठ मिटलेले. मी येऊन उभा राहिलो तरी चेकर तसेच बसून होते.

"घे गो," ते म्हणत होते. "मास्तर चलले. तेंच्यासमोर तरी घे."

माईंनी माझ्याकडे बघितलं. मग चांगला असलेला डावा हात मांडीवरून उचलला आणि एक बोट वर केलं. ते बोट चेकरांकडे वळवलं, त्यांच्या खाकी खिशाकडे नेलं आणि तिथे टेकवून ठेवलं. चेकरांना कळेना. त्यांनी खिसा उलटा करून दाखवला, रिकामाच होता. माईंनी मान हलवली आणि पुन्हा बोट टेकवलं.

मला त्या कसालच्या गाडीची, खिशातून काढून दाखवलेल्या पासाची आठवण झाली. पण मला काही सांगावं लागलं नाही. चेकरांनी गडू खाली ठेवला. ते उठून आत गेले. फडताळ उघडल्याचा आवाज आला. बाहेर आले तेव्हा हातात त्यांची स्वतःची, कधी न उघडलेली पट्टी होती. माईंसमोर त्यांनी एक गोळी फोडली, तोंडात टाकली, पाणी प्यायले. मग खाली वाकून तोंड उघडलं आणि जीभ वर करून दाखवली.

माईंनी बोटानेच आणखी जवळ बोलावलं. त्यांच्या गालात बोट घालून एक बाजू बघितली, मग दुसरी. माईंच्या अर्ध्या चेहऱ्यावर काय आलं ते सांगता येणार नाही, पण डावा खांदा हलत होता. मग त्यांनी स्वतःचं तोंड उघडलं.